रेघ न मारलेलं नाव

तुझ्या आईनं मला शनिवारी तुझ्याबद्दल चार शब्द बोलायला सांगितलंय. त्यातला पहिलाच शब्द माझ्या तोंडून निघत नाहीये. तुझं नाव.

तू गेलीस त्याला आठवडा होऊन गेला. तेव्हापासून मी ते एकदाही उच्चारलेलं नाही. ठरवून नाही, तसंच होतंय. मी काम करते त्या कॉलेजच्या डायनिंग हॉलमधल्या सुपरवायझरनं विचारलं, सुट्टी कशासाठी हवी, तर मी म्हटलं, "माझी एक फ्रेंड होती." 'एक' कशाला म्हटलं, या विचारात मग ताटं चुकीच्या रॅकमध्ये लावत राहिले. तुझ्या आईशी, काकूंशी, फोनवर बोलताना 'ती', 'तिला', 'तिचं' एवढ्यावर भागवते. तुझ्याशीच बोलायचं असेल तर 'तू' म्हटलं की काम होतं, म्हणून हे लिहायला घेतलं. खरं तर लिहायचं होतं शनिवारचं भाषण. ते सुरूच होत नाही.

फ्रिस्कोला तुमच्या घरी सगळे जमणार आहेत. मी आणि आई इथून, एडिसनहून, झूमवर असू. काकू म्हणाल्या, "तू तिची रूममेट ना गं, तुला तिचं तिकडचं सगळं माहीत. मराठीतच बोल. आम्हाला बरं वाटेल." मी हो काकू म्हटलं.

रूममेट. त्यात चुकीचं काही नाही. गेल्या वर्षीपासून पिस्कॅटवेत, कॉलेजजवळ, आपली एक खोली होती, दोन पलंग होते आणि एकच मायक्रोवेव्ह. पण तो शब्द ऐकल्यापासून मला एका जागी बसवत नाही. उठते, पाणी पिते, परत बसते. फ्रीज उघडते आणि कशाला उघडला ते विसरते. आईनं मघाशी विचारलं, "काय हुडकतीस गं एवढं?"

तिला काय सांगू. शब्दच हुडकतेय.

आपली ओळख हजेरी घेताना झाली. पूर्व आशियाचा इतिहास हा विषय मी घेतला, कारण तो माझ्या दोन शिफ्टच्या मधल्या वेळात बसत होता. तू घेतलास, कारण तुला तलवारी, राण्या आणि ड्रॅगन हवे होते आणि सिलॅबसमध्ये त्यातलं निदान राण्यांचं नाव होतं. सर यादी वाचत होते. तुझ्या नावाच्या स्पेलिंगमधली पहिली दोन अक्षरं एम आणि आर. सरांनी ती सरळ 'मिस्टर' अशी वाचली आणि उरलेलं नाव आडनावासारखं पुढं जोडलं. कुणी मिस्टर उठला नाही. त्यांनी परत हाक मारली. मग शेवटच्या रांगेतून तुझा हात वर आला. "दॅट्स मी," तू म्हणालीस, आणि मग हळूच, "मी मिस्टर आहे." दुसरं वाक्य कुणासाठी होतं देव जाणे. अख्ख्या वर्गात मी एकटीच हसले. तू मान उंच करून बघितलंस, हसलं कोण ते.

तास संपल्यावर मी आईशी फोनवर बोलत बाहेर पडत होते, तर तू मला दारात गाठलंस.

"तू मराठी आहेस! आणि तू तर प्रॉपर मराठी आहेस."

"म्हणजे कशी?"

"म्हणजे तू वाक्य मराठीत सुरू करतेस आणि मराठीतच संपवतेस."

मी चौदा वर्षांची असताना इचलकरंजीहून इथं आले. आत्यानं भावाला बोलावून घेतलं, म्हणून आम्ही आलो. तिकडे आई घरी सुताच्या कांड्या भरायची, बाबा यंत्रमागावर होते. इकडे बाबा गोदामात सामान लावतात आणि आई एका देसी दुकानाच्या किचनमध्ये पोळ्या लाटते. आमच्यात माझ्याआधी कुणी कॉलेजात गेलेलं नाही. तुझ्या घरी दोघंही सॉफ्टवेअरमधले. तुला कॉलेज कसं चालतं हे कुणी शिकवावं लागलं नव्हतं. मला 'ऑफिस अवर्स' म्हणजे सरांची ऑफिसच्या कामाची वेळ वाटायची. त्या वेळात आपण त्यांना त्रास द्यायचा नाही, असा माझा समज. पहिलं वर्षभर मी त्या वेळा नीट बघून ठेवायचे आणि तेवढ्या वेळात त्या मजल्यावर फिरकायचेसुद्धा नाही. हे तुला कळलं तेव्हा तू हसून हसून फुटपाथवर बसलीस. "सुप्री, यार, ते आपल्यासाठी असतं!" दुसऱ्या दिवशी हात धरून मला सरांच्या दारात नेलंस. "हिला खूप क्वेश्चन्स आहेत," असं सांगितलंस, मला आत ढकललंस आणि निघून गेलीस.

मला एकही प्रश्न नव्हता. तुझा इतका राग आला होता. सर वाट बघत होते, तर काहीतरी विचारायला हवं म्हणून मी विचारलं, "तिकडे लग्न न करणाऱ्या बायका होत्या का?" का विचारलं तेही माहीत नाही. त्या आठवड्यात आत्यानं माझ्यासाठी कुठलंसं स्थळ सुचवलं होतं, म्हणून असेल.

सर खुर्चीत सावरून बसले. चीनच्या दक्षिणेकडच्या रेशमाच्या गावांबद्दल सांगू लागले. तिथं काही मुली लग्न न करण्याची शपथ घ्यायच्या. नवरीचे केस लग्नात दुसरं कुणीतरी वर बांधतं. या मुली स्वतःच्या हातानं बांधायच्या. बस, तेवढीच खूण. मग कोषांतून रेशीम काढून स्वतःचं पोट भरायच्या आणि एकमेकींच्या सोबतीनं एका घरात म्हाताऱ्या व्हायच्या. मी बाहेर आले तर तू जिन्यावर वाट बघत बसलेली. मी सगळं सांगितलं. तू ऐकता ऐकता उभी राहिलीस.

"सुप्री, ही आपली स्टोरी आहे."

"आपली कशी? आपण चिनी आहोत का?"

"मग राज्य आपण बनवू. मॅप पण आपला. फक्त त्या मुली त्यांच्या."

मला ते पटलं नव्हतं. तिथल्या माणसांची गोष्ट आपण सांगायची, तर निदान चुकीची सांगू नये, म्हणून मी लायब्ररीतून पुस्तकं आणून तारखा बघत बसायचे. तू गोष्टीतल्या मेजवानीत मिरच्या घातल्यास तेव्हा मी म्हटलं, त्या काळात तिथं मिरची पोचलेली नव्हती. तू म्हणालीस, "आपल्या चीनमध्ये तिखट खातात." वाद संपला. मिरच्या अजून आहेत.

आणि लिहायचं मराठीत, हाही तुझाच हट्ट. मी म्हटलं, तुला इंग्रजी एवढं सुंदर येतं, तर मराठीत का? "इंग्लिशमध्ये अशा बुक्सनी शेल्फ भरलेत. आणि मम्मा स्टोरीज फक्त मराठीतल्या वाचते. तिला सरप्राइज."

पहिल्या दिवशी पात्रांची नावं ठरवायची होती. तू कागद पुढं ओढलास आणि गंभीर चेहऱ्यानं म्हणालीस, "ओके, आता आपण या दोघींना नावं ठेवूया."

मी विचारलं, "का? त्यांनी काय केलंय?"

"म्हणजे? नावं नाही ठेवायची का त्यांना?"

मग मी तुला समजावलं, की नाव ठेवणं वेगळं आणि नावं ठेवणं वेगळं. एका टिंबानं बारशाचं भांडण होतं. तू चकित झालीस. "पण मम्मा म्हणते, लोक मला नावं ठेवतात. मला वाटायचं शी हॅज अ लॉट ऑफ निकनेम्स." त्या दिवशी पुढं काही लिहून झालं नाही. संध्याकाळपर्यंत फक्त दोन नावं झाली, लान आणि सुई. सुई हे चिनी नाव असतं हे तू शोधून आणलं होतंस. मी म्हटलं, मराठीत वाचणारे हसतील. "हसू दे. रेशमाची गोष्ट आहे, त्यात सुई नको?"

तू हातानं लिहायचीस. मराठी कीबोर्ड तुला जमला नाही. पण तुझ्या अक्षरावर शिरोरेषाच नसायची. फ्रिस्कोच्या रविवारच्या मराठी शाळेत तू अक्षरं शिकलीस आणि सॉकर सुरू झाल्यावर शाळा सोडलीस, बहुतेक शिरोरेषेच्या आदल्या रविवारी. ती नसली की 'भ' आणि 'म' सारखेच दिसतात. 'सुईनं टोपली भरली' हे मी 'टोपली मरली' असं वाचलं आणि टोपली कशी मरते यावर विचार करत बसले. रोज ओरडायचे, "रेघ मार गं!" तू म्हणायचीस, "टाइम नाही. गोष्ट पळतेय."

मग एक दिवस सरांनी वर्गात नावांच्या बंदीबद्दल सांगितलं. राजाचं नाव बोलायचं नाही, लिहायचं नाही. घरातल्या गेलेल्या वडीलधाऱ्यांच्या नावाचंही तसंच. ते अक्षर लिहायचीच वेळ आली, तर त्यातली शेवटची एक रेघ सोडून द्यायची. मानानं. मागून कागदाचा बोळा माझ्या पाठीवर आला. उलगडला तर आत तुझ्या त्या रेघ नसलेल्या अक्षरात, 'बघ मी सगळ्यांना रिस्पेक्ट देते'.

तिथून आपल्या गोष्टीला खरी गोष्ट मिळाली. नव्या महाराणीच्या नावात 'सुई' हे अक्षर येतं. म्हणून राज्यातल्या सगळ्या सुईंनी महालाच्या दारात येऊन आपलं नाव परत करायचं. जी नाव देऊन येते तिला घरचे विसरायला लागतात. आधी शेजारी, मग भाऊ, मग आई. आपली सुईही नाव देऊन येते. लान एकटी विसरत नाही.

ती का विसरत नाही, हे आपल्याला पुष्कळ दिवस सापडत नव्हतं. ते सापडलं माझ्या आईमुळे.

तुला आठवतं, तू पहिल्यांदा एडिसनला जेवायला आलीस तेव्हा मी तुला क्लिनिकची गोष्ट सांगितली होती? आम्ही इथं नवीन होतो. काउंटरवरच्या बाईनं आईला नवऱ्याचं नाव विचारलं. आईनं आयुष्यात बाबांचं नाव नुसतं कधी घेतलेलं नाही. ती मला शोधायला लागली. मी आतेभावाबरोबर लांब पाणी प्यायला गेलेले. बाईनं परत विचारलं. मागं रांग. मग आईनं मान खाली घालून, एका दमात म्हटलं, "मागावरच्या कांडीला सूत लागतं बारीक, सदाशिवरावांचं नाव घेते, आज कुठली तारीख." ती बाई टाइप करता करता थांबली आणि म्हणाली, "इज दॅट ऑल वन नेम?"

तू ताटावरून उठलीस. आईला मिठी मारलीस, खरकट्या हातानं. "काकू, म्हणजे नाव घ्यायचं नसतं, पण अशी पोएम केली की चालतं? इट्स लाइक अ पासवर्ड!" आई लाजून म्हणाली, "उखाणा म्हणतात बाई त्याला. काय करायलीय ही पोरगी, साडी खराब करतीय." त्या रात्री पिस्कॅटवेला परत जाताना बसमध्ये तू सगळं लावून टाकलंस. लान आणि सुई शपथ घेतात तेव्हा एकमेकींचे केस वर बांधतात आणि एकमेकींचं नाव उखाण्यात घेतात. नाव घेतलं की एकीच्या मनगटातून दुसरीच्या मनगटात रेशमाचा धागा जातो. कितीही लांब जा, तो पुरतो. दुसऱ्या कुणाला दिसत नाही. म्हणून लान विसरत नाही.

मी म्हटलं, चीनमध्ये उखाणे नव्हते.

"आपल्या चीनमध्ये आहेत."

आणि मग तू विचारलंस, त्या दोघी एकमेकींच्या कोण? मराठीत काय म्हणायचं? मी म्हटलं, मैत्रिणी. तू म्हणालीस, तो शब्द तर लॅब पार्टनरला पण वापरतात. मग मी म्हटलं, मानलेल्या बहिणी. "मानलेली म्हणजे प्रिटेंड?" तसं नाही म्हटलं, मनापासून मानलेली. "मग मनापासूनची म्हण ना." आपण त्या जागी एक मोकळी चौकट काढून ठेवली. नंतर भरू. ती चौकट प्रत्येक प्रकरणात तशीच आहे. मी काल मोजायला बसणार होते, मग कागद खाली ठेवले.

एडिसनच्या त्या मोठ्या चिनी दुकानात आपण 'रिसर्च'ला जायचो. खरं तर तुला तिथले वाफेवरचे पाव हवे असायचे. एकदा भाजीच्या रांगेत मी कमळकाकडी उचलली. घरी येऊन मोडली तर दोन तुकड्यांमध्ये धागे ताणले गेले, केसाहून बारीक. मी हात लांब लांब नेत गेले, तरी ते सुटेनात. मी तुला म्हटलं, "तुझ्या नावाचा अर्थ हाच आहे."

"मम्मा म्हणाली होती लोटस."

"लोटस नाही. त्याच्या खालचा देठ, त्यातला धागा."

"ग्रेट. सगळ्यांना फ्लॉवर, मला चिखलातलं व्हेजिटेबल." पण तू तो एक तुकडा हातात धरलास आणि दुसरा मला धरायला लावलास, आणि आपण स्वयंपाकघराच्या दोन टोकांना जायचा प्रयत्न केला. अर्थात धागे तुटले. तू म्हणालीस, "मॅजिक नाहीये ना यात, म्हणून." आणि तव्यावर तेल टाकलंस. नंतर बराच वेळ तू तुझं नाव नीट म्हणायचा सराव करत होतीस. त्यात 'ण' आहे आणि तो तुला येत नव्हता. बावीस वर्षं तू स्वतःचं नाव थोडंसं चुकीचं सांगत आलीस. त्या दिवशी पहिल्यांदा बरोबर आला तो 'ण'. तू माझ्याकडे बघितलंस आणि आपण दोघीही काही बोललो नाही. भाजी करपली.

मला आता तो क्षण सारखा आठवतो आणि मी उठून फेऱ्या मारते. काही बोलायला हवं होतं का? तुला बोलायचं होतं का? आपल्या गोष्टीत लान आणि सुईला आपण पानंच्या पानं बोलायला लावलं. आपण स्वतः मात्र भाजी करपली म्हणून खिडकी उघडली.

शेवटच्या प्रकरणावरून आपलं भांडण झालं, ते तर अर्धंच राहिलं.

कॅम्पसच्या बसमध्ये होतो. गर्दी होती आणि आपण मराठीतून, म्हणजे मी मराठीतून आणि तू तुझ्या मराठीतून, भांडत होतो. सुई मरते, इथपर्यंत आपलं एकमत होतं. नाव नसलेली, कुणाला न आठवणारी अशी ती मरते. पुढं लान काय करते? मी म्हटलं, ती महालाच्या दारात उभी राहते आणि सगळ्यांसमोर तिचं नाव घेते. मोठ्यानं. उखाण्यात.

"मग गार्ड्स तिला मारतील."

"मारू दे."

"तू किती फिल्मी आहेस यार. ती काही नाही बोलत. ती गावात राहते आणि रेशमाच्या प्रत्येक कापडात सुईचं नाव विणते, एक रेघ सोडून. तिच्या नंतरच्या मुली पण तसंच विणतात. त्यांना का ते माहीत नाही. हंड्रेड इयर्स."

"अर्धं नाव? ती गेली, तिचं सगळं गेलं, आणि तू तिला नावसुद्धा पुरं द्यायचं नाहीस?"

"मोठ्यानं घेतलं की संपतं, सुप्री. रेघ सोडली की कुणीतरी विचारणार, इथली लाइन कुठे गेली?"

"घाबरट आहेस तू."

"आणि तू रेघेची पोलीस."

तू एक स्टॉप आधीच उतरलीस. मला वाटलं चिडलीस. मी खोलीवर पोचले, तर मागोमाग फ्राइज घेऊन आलीस. म्हणालीस, वीकेंडला ठरवू, माझं डोकं दुखतंय. झोपलीस. पुढचं मी लिहिणार नाही. ते काकूंना माहीत आहे, तुलाही. ताप, मग हॉस्पिटल, मग ती मशिनं.

फक्त एवढंच लिहिते. पहिल्या संध्याकाळी, काकू-काका अजून विमानात होते तेव्हा, नर्सनं मला दारात थांबवलं. फक्त घरच्यांना सोडतो म्हणाली. तू तिची कोण? मला इंग्रजीत दोन आणि मराठीत दोन शब्द येत होते आणि चारही चुकीचे. तू आतून, डोळे मिटूनच, बोललीस, "शी इज माय... सुप्री, त्याला इंग्लिशमध्ये वर्ड नाहीये." मग नर्सला म्हणालीस, "वी आर वर्किंग ऑन इट." ती हसली आणि तिनं मला आत सोडलं.

परवा काकूंना मी सांगितलं की तू मराठीत लिहीत होतीस. त्या म्हणाल्या, "आमची? आमची तर मला सगळी उत्तरं इंग्रजीत द्यायची गं." मी म्हटलं, "काकू, तुमच्यासाठीच लिहीत होती. अक्षराला रेघ नाहीये, तेवढं सांभाळून घ्या." त्या हसल्या की रडल्या, कळलं नाही. मी कागद पाठवतेय. रेघा मारून पाठवाव्यात असं एकदा मनात आलं होतं, कारण त्यांना वाचायला त्रास होईल. पेन घेतलं, पहिल्या ओळीवर टेकवलं आणि उचललं. टोपली मरली तर मरू दे.

आज शुक्रवार आहे. संध्याकाळी आई घरच्यासाठी पोळ्या करत होती. मी स्वयंपाकघरात आत-बाहेर करत होते. तिनं शेवटी गॅस बारीक केला. "बस की गं एका जागी."

"आई, उद्या मला बोलायचंय आणि मला तिचं नाव घेता येत नाहीये."

"मग काय म्हणून बोलणार? ती, ती?"

"तेच तर."

आई पोळी उलटत म्हणाली, "मी तरी कुठं घेते तुझ्या बापाचं नाव. अडलं का माझं काही? अडलं की उखाणा घेते."

"आई, तो नवऱ्याचा असतो."

"माहितीय मला कुणाचा असतो." तिनं माझ्याकडे बघितलं नाही. पोळीला तेल लावलं, घडी घातली. तिला काय कळलंय आणि काय नाही, मी विचारलं नाही. मी उठून बाहेर जायला निघाले, तर ती माझ्याआधी दारात जाऊन उभी राहिली. लाटणं आडवं धरून, नव्या नवरीला अडवतात तशी. हाताला पीठ, कपाळाला पीठ.

"नाव घेतल्याशिवाय सोडायची नाही."

"आई, काय हे."

"घे म्हणते ना. उद्या अडखळण्यापेक्षा आज अडखळ. त्या पोरीनं माझ्या साडीला खरकटा हात पुसलाय, माझाबी हक्क हाय."

मला हसू आलं आणि मग हसू राहिलं नाही. तव्यावरची पोळी करपायला लागली. या वेळी कुणी खिडकी उघडायला गेलं नाही. मी दाराला टेकून उभी राहिले. तू म्हणायचीस, मोठ्यानं घेतलं की संपतं. मला अजून ते पटलेलं नाही. पण तुझं सगळंच सोडून देणार नाही, रेघेपुरती मी माघार घेते. इथं टाइप करताना ती आपोआप पडते, त्याला माझा इलाज नाही. उद्या बोलताना मात्र ती कुठंच नसेल, आणि त्या मोकळ्या चौकटीत काय लिहायचं ते कुणी विचारलं, तर मी एवढंच म्हणणार आहे, जे आज आईसमोर, दारात, अडखळत, 'ण' नीट उच्चारत म्हटलं:

देठ मोडला, धागा राहिला, तुम्ही मला वेडी म्हणाल;
रेघ मारायची राहून गेली, तरी पुरी माझी मृणाल.